चार खिळ्यांवरच्या चिंध्या

१

आपणहून चूक कबूल करणाऱ्या माणसाचा मला फार संशय येतो. विम्याची सर्व्हेअर म्हणून एकवीस वर्षं मी गाड्यांच्या पोटात डोकावते आहे. या काळात ‘चूक माझीच’ असं न विचारता सांगणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली, आणि त्यांतली बरीचशी खोटं बोलत होती.

म्हणून त्या सोमवारी सकाळी, मी गॅरेजमधल्या खुर्चीवर नीट टेकलेही नव्हते तेवढ्यात मालकांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. कागदावर टपोऱ्या, सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘या गाडीच्या सफाईचं सगळं काम मी एकट्याने केलं. दोन नंबरच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आहे की नाही हे न बघता काम केलं. चूक पूर्णपणे माझी आहे.’ खाली उस्तादांची सही होती. ती मात्र वेडीवाकडी, शेवटी घसरत गेलेली.

“प्रश्न मिटला,” मालक म्हणाले. “कारागिराचा निष्काळजीपणा, एवढी एक ओळ लिहा आणि मोकळ्या व्हा. गॅरेजच्या विम्यात बसतं ते.”

“आणि कारागिराचं काय?”

मालक उंचपुरे, आवाजाने रांगडे. पण या प्रश्नावर ते टेबलावरचा पाना उगीच इकडून तिकडे ठेवत बसले.

“येत्या शनिवारी त्यांचा शेवटचा दिवस,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं आहेत इथे. पण निष्काळजीपणा लेखी आला की त्या माणसाला परत गाडीला हात लावू द्यायचा नाही, ही तुमच्याच कंपनीची अट आहे. मी काय करू?”

म्हणजे माझी एक ओळ, आणि उस्तादांची एकतीस वर्षं संपली. मला हा हिशेब आवडला नाही. कागद मी पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, “आधी गाडी दाखवा.”

गाडी एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची. गुरुवारी सफाई करून संध्याकाळी दिलेली. शुक्रवारी सकाळी बाई कुणाच्यातरी अडलेल्या घोडीसाठी निघाल्या, आणि अर्ध्या वाटेत इंजिन खडखडायला लागलं. प्लग उघडून पाहिले तर दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये अक्रोडाच्या टरफलांचा चुरा.

इथे थोडं सांगायला हवं. जुन्या इंजिनात पेट्रोल हवेबरोबर व्हॉल्व्हवरून आत जायचं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतला जायचा. नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला पेट्रोलचा थेंबही लागत नाही, आणि इंजिनातल्या तेलाची वाफ त्याच्यावर बसून बसून जळते. काही वर्षांत तिथे दगडासारखी काजळी धरते. ती काढायची तर अक्रोडाच्या टरफलांचा बारीक चुरा हवेच्या गनने जोरात मारायचा आणि सोबतच नळीने ओढून घ्यायचा. टरफल काजळी खरवडतं, धातूला ओरखडा आणत नाही. फक्त एक पथ्य पाळायचं. ज्या सिलिंडरवर काम चाललंय त्याचा व्हॉल्व्ह घट्ट बंद पाहिजे. तो जरा जरी उघडा असेल तर चुरा सरळ आत.

एकतीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस हे विसरला, असं तो कागद म्हणत होता.

२

उस्ताद साठीच्या आसपासचे, बारीक अंगाचे. माझ्यासाठी चहा घेऊन आले तो डाव्या हाताने. उजवा हात खिशात होता.

“बाई, लिहून दिलंय ना मी? आता कशाला उकरून काढता?” ते म्हणाले.

“मला उकरायचाच पगार मिळतो, उस्ताद. काम कसं करता ते सांगा.”

कामाचं विचारल्यावर माणूस खुलला. हवेची नळी काढली की चार सिलिंडरची चार तोंडं समोर येतात. कडेच्या चाकाला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं, एक सिलिंडर बंद स्थितीत आणायचा, तो साफ करायचा आणि त्याच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबायचा, म्हणजे पुढच्याचा चुरा त्यात उडत नाही. मग पान्याने इंजिन अर्धा फेरा फिरवायचं आणि पुढचं काम.

“बोळे कसले वापरता?”

“जुनी चादर. लागेल तशी एकेक पट्टी फाडायची.” त्यांनी हनुवटीने भिंतीकडे खूण केली. “आणि काम झालं की त्या खिळ्यांवर.”

भिंतीवर लाकडी फळ्या होत्या, प्रत्येक फळीवर एक ते चार आकड्यांचे चार खिळे. फार वर्षांपूर्वी एका गाडीत बोळा आत राहून गेला होता. तेव्हापासून या गॅरेजची रीत अशी की ज्या तोंडातला बोळा त्याच आकड्याच्या खिळ्यावर टांगायचा, आणि गाडी आठवडाभर नीट चालल्याशिवाय काढायचा नाही. चारही खिळे भरलेले दिसले की गाडी द्यायची. मला ही रीत फार आवडली.

मग मी माझी कॅमेऱ्याची बारीक नळी काढली आणि एकेका तोंडातून आणि प्लगच्या भोकातून आत घातली. दोन नंबरच्या भिंतीवर उभे ओरखडे होते, ते अपेक्षितच होतं. मी व्हॉल्व्ह बघत गेले. दोन, तीन आणि चार नंबरचे व्हॉल्व्ह इतके लख्ख की कोपऱ्यात, दांड्याच्या मागे, जिथे कुणी बघत नाही तिथेही काजळीचा ठिपका नाही. कुणीतरी फार जीव लावून काम केलं होतं.

एक नंबरचा व्हॉल्व्ह मात्र अर्धवट. मध्ये साफ, कडेला काळे पट्टे तसेच. गन हातात धड धरवत नसेल तर होतं तसं.

मी पडद्यावरचं चित्र उस्तादांसमोर धरलं.

“वय झालं,” ते म्हणाले. “कधी जमतं, कधी नाही.”

“एकाच दिवशी, एकाच इंजिनावर?”

उस्ताद चहाचा रिकामा कप उचलून, पुन्हा डाव्याच हाताने, आत निघून गेले. मी मात्र तिथेच उभी राहिले. एका इंजिनावर मला दोन माणसांचे हात दिसत होते, आणि कागदावर एकाचंच नाव होतं.

३

गॅरेजमध्ये गाडीला हात लावणारी आणखी दोनच माणसं. एक मालक. दुसरा तिशीतला, चष्मेवाला, सतत संगणकाची वायर गळ्यात घालून फिरणारा मेकॅनिक. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत, कारण साधा दिवा का लागत नाही हे विचारलं तरी तो अर्धा तास शिकवायचा. उस्ताद गेले तर त्यांची जागा यालाच मिळणार होती. संशय घ्यायला याहून सोयीचा माणूस कुठे मिळणार?

“गुरुवारी दुपारी कुठे होता?” मी विचारलं.

“दुसऱ्या गाडीची चाचणी घ्यायला गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत परत आलो.”

“काय दिसलं?”

त्याने चष्मा काढून पुसला. “शटर अर्धं खाली होतं. आतून गनचा आवाज येत होता. मी मागच्या बाजूने हात धुवायला गेलो.” इथे तो अडला.

“बोला की.”

“मॅडम, उस्ताद मागच्या पायरीवर बसले होते. बादलीत गरम पाणी, त्यात उजवा हात बुडवलेला, डोळे मिटलेले. त्यांनी मला पाहिलं नाही. मीही आल्या पावली परत फिरलो. माणसाला कुणी बघू नये असं काही असलं तर आपण कशाला बघायचं?”

“मग आत गन कोण चालवत होतं?”

“मला वाटलं मालक असतील.”

मालकांना विचारलं तर त्यांनी कानांवर हात ठेवले. ते अख्खी दुपार एका गिऱ्हाइकाकडे होते, आणि मी फोन करून खात्री केली तेव्हा ते खरंच निघालं. “प्रोफेसरच असणार,” मालक म्हणाले. “दुसरं आहे कोण?”

प्रोफेसरचा चेहरा उतरला. मी त्याला जवळ बोलावून एकच प्रश्न विचारला. “एक नंबर साफ केला, अर्धा फेरा दिला. आता कुठला घ्याल?”

“तीन,” तो चटकन म्हणाला. “मग चार, मग दोन. इंजिन त्याच क्रमाने चालतं ना. एक, तीन, चार, दोन. झोपेतून उठवून विचारा, मॅडम. आम्हाला पाढे नंतर येतात, हे आधी येतं.”

त्याच्या उत्तराने माझ्या डोक्यात काहीतरी खट्कन जागेवर बसलं. मी वळले आणि पुन्हा त्या खिळ्यांच्या फळीकडे गेले.

४

चादर पांढरी, तिच्यावर निळी वेल. मागच्या आठवड्याच्या एका गाडीच्या चिंध्या शेजारच्या फळीवर अजून होत्या. आधी त्या काढून मी टेबलावर पसरल्या. चुरगळलेले, मळके बोळे. फाटलेल्या कडा एकमेकींना लावून पाहिल्या. एक नंबरच्या पट्टीवरची वेल पुढे सरकली ती तीन नंबरच्या पट्टीवर. तिथून चार, आणि चारावरून दोन. उस्तादांनी ज्या क्रमाने काम केलं त्या क्रमाने पट्ट्या फाडल्या होत्या. चादरीने सगळं टिपून ठेवलं होतं.

मग डॉक्टरीणबाईंच्या गाडीच्या चिंध्या घेतल्या. एक नंबरची चुरगळलेली. बाकीच्या तीन चार-चार पदरी घड्या घालून मग गुंडाळलेल्या. घड्यांच्या रेघा अजून दिसत होत्या. मी त्या उलगडल्या आणि कडेला कडा लावली.

वेल एकावरून गेली दोनावर. दोनावरून तिनावर. तिनावरून चारावर.

मी खुर्चीत बसले. सगळं समोर होतं. कुणीतरी दर वेळी बरोबर अर्धा फेरा दिला होता, पण तोंडं घेतली होती ओळीने, एक दोन तीन चार. पहिल्या अर्ध्या फेऱ्यानंतर बंद असतो तीन नंबर. दोनाचा व्हॉल्व्ह त्याच वेळी किंचित उघडायला लागलेला असतो. चुरा तिथे आत गेला. पुढच्या दोन अर्ध्या फेऱ्यांना तीन आणि चार नंबर योगायोगाने बंद सापडले आणि वाचले. म्हणूनच चारातला एकच बिघडला.

मालकांच्या किंवा प्रोफेसरच्या हातून ही चूक होणं शक्य नव्हतं. मुद्दाम वाटोळं करायचं असतं तर त्यांनी व्हॉल्व्ह सताड उघडा ठेवला असता, आणि कोपरे इतके जिवापाड घासले नसते. हा माणूस वेगळा होता. त्याला अर्धा फेरा माहीत होता, क्रम माहीत नव्हता. आणि कापडाची घडी घातल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं.

पर्समधला कबुलीचा कागद मी पुन्हा काढला. ते टपोरं अक्षर मी त्या सकाळी आणखी कुठेतरी पाहिलं होतं.

५

स्टोअरची खिडकी गॅरेजच्या मागच्या भिंतीत. आत फडताळांवर शेकडो डबे, प्रत्येकावर टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी. वॉशर, लहान. वॉशर, त्याहून लहान. एका फळीवर पुसायची फडकी, सगळी चार पदरी घडीची. आणि खिडकीशी स्टुलावर काकू बसलेल्या. उस्तादांची बायको. एकतीस वर्षं याच खिडकीतून नवऱ्याला पाने देत आलेली.

“काकू, मला जरा तुमच्या जागेवर बसू द्या,” मी म्हटलं.

त्या गोंधळून उठल्या. मी स्टुलावर बसले आणि बाहेर पाहिलं. प्रोफेसरला सांगून ठेवलं होतं, तो गाडीवर वाकून कामाचं नाटक करत होता. मला त्याची पाठ दिसली. तिच्याआड चारांतलं एकही तोंड दिसेना. मग तो कडेला आला आणि पान्याचा लांब दांडा फिरवला. तो मात्र स्वच्छ दिसला. अर्धा फेरा.

“इथून एवढंच दिसतं, नाही?” मी विचारलं.

काकूंनी फळीवरचं एक फडकं उचलून त्याची घडी पुन्हा घातली. मग म्हणाल्या, “त्यांनी मला शपथ घातली होती हो.”

“अगं, गप्प बस,” मागून आवाज आला. उस्ताद दारात उभे होते, त्यांच्या मागे मालक. “बाई, तिचं काही ऐकू नका.”

“अहो, पुरे झालं आता,” काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण उस्ताद थांबले. “चार महिने झाले, यांच्या उजव्या हाताच्या बोटांना काही कळत नाही. सकाळी शर्टाची बटणं मी लावते. गुरुवारी एक सिलिंडर कसाबसा केला आणि गन हातातून पडली. गाडी संध्याकाळी द्यायची होती. मालकांना कळलं तर काढून टाकतील, एवढंच हे म्हणत राहिले. मी यांना पायरीवर बसवलं, शटर ओढलं आणि उरलेले तीन मी केले. एकतीस वर्षं बघत होते. मला वाटलं, मला येतं.”

“येत होतंच,” उस्ताद हळूच म्हणाले. “मी आत येऊन बॅटरी मारून पाहिलं बाई. असं काम मी तरुणपणीही केलं नव्हतं. मी खूश झालो आणि गाडी जोडून टाकली. कुठल्या क्रमाने केलं हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. एक तीन चार दोन. ते मी तिला कधी सांगितलंच नाही. आपण श्वास घेतो तो कसा घ्यायचा, हे कुणी बायकोला सांगत बसतं का? शुक्रवारी दोन नंबर म्हटल्याबरोबर मला कळलं. तिची चूक नाही, माझी आहे. कागदात खोटं काही नाही.”

“तो कागद माझ्याकडूनच लिहून घेतला,” काकू म्हणाल्या. “यांना पेनही धरता येत नाही. लिहिताना माझं मला काय वाटलं असेल? बाई, तो फाडून टाका.”

कबुलीचा कागद मला फाडता येत नाही, तो पुरावा असतो. मी तसं सांगितलं. आणि हेही सांगितलं, की मी खरं तेच लिहिणार. कारागीर नसलेल्या माणसाने काम केलं, म्हणून हे नुकसान विम्यात बसत नाही. उस्तादांच्या नावावर निष्काळजीपणा येणार नाही. पण इंजिनाचा भार आता गॅरेजवर.

सगळे मालकांकडे बघायला लागले. मालक उस्तादांकडे बघत होते. रागावले होते खरे, पण मला वाटलं होतं त्या गोष्टीवर नाही.

“चार महिने?” ते म्हणाले. “माझे वडील गेले तेव्हा मला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा हे माहीत नव्हतं. कुणी शिकवलं मला? आणि तुम्हाला वाटलं मी तुमचा हात बघून तुम्हाला बाहेर काढीन? दाखवा तो हात.”

उस्तादांनी खिशातून हात काढला. मालकांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बोटं एकेक करून दाबून पाहिली. उस्तादांचे डोळे भरून आले. माझेही आले, आणि मला कामावर असताना ते अजिबात आवडत नाही.

“उद्या सकाळी दवाखान्यात,” मालक म्हणाले. “मी नेतो. आणि डॉक्टरीणबाईंना तोवर माझी गाडी वापरू दे.” मग ते वळले. “काकू, स्टोअरला मी दुसरं माणूस बघतो.”

काकूंनी मान खाली घातली. कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा सोडून त्यांनी खिडकीच्या फळीवर ठेवला. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “नुकसान मी केलंय.”

“नुकसान केलंय ना? मग भरून काढा,” मालक म्हणाले. “इंजिन आपणच उघडायचं. हात तुमचे, तोंड उस्तादांचं. आणि या बाई म्हणतात ते खरं आहे, त्या खिडकीतून काही दिसत नाही. बाहेर या.”

काकूंनी किल्ल्या तिथेच राहू दिल्या. मग स्टोअरचं दार उघडून, पदर खोचून, त्या गाडीपाशी आल्या आणि पहिल्यांदा समोरून त्या चार तोंडांकडे बघत उभ्या राहिल्या. उस्ताद त्यांच्या शेजारी गेले. डाव्या हाताचं बोट एकेका तोंडावर ठेवत म्हणाले, “हे एक. मग हे. मग हे. आणि हे सगळ्यांत शेवटी.”

६

वर्षभराने माझ्या स्वतःच्या गाडीला चढावर दम लागायला लागला. काजळी. मी दुसरीकडे कुठे जाणार?

गाडी घ्यायला गेले तेव्हा मालक बाहेर होते, प्रोफेसर कुणालातरी बॅटरी म्हणजे काय ते शिकवत होता. उस्ताद एका उंच खुर्चीवर बसलेले, उजव्या हाताला पट्टा. बोटं पूर्ण परत आली नव्हती, पण शर्टाची बटणं आता स्वतः लावतो, असं त्यांनी मला न विचारता सांगितलं. काकू गाडीखालून बाहेर आल्या, हात काळे, कपाळावर काजळीची रेघ.

“झाली बाई तुमची. तपासून घ्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काही सोडायच्या नाहीत.”

मी कॅमेऱ्याची नळी काढली नाही. भिंतीपाशी गेले आणि माझ्या गाडीच्या फळीवरच्या चार चिंध्या उतरवल्या. चादर नवी होती, हिरव्या वेलीची. चारही पट्ट्यांना चार पदरी घडी. मी त्या उलगडल्या आणि कडेला कडा लावली. वेल एकावरून तिनावर गेली, तिनावरून चारावर, आणि चारावरून दोनावर.

मी चिंध्या पुन्हा घडीवर घडी घालून आपापल्या खिळ्यावर टांगल्या. उस्ताद खुर्चीवरून माझ्याकडे बघत होते.

“बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं.

“बरोबर आहे,” मी म्हटलं, आणि काकूंकडून गाडीची किल्ली घेतली.